एका बाजूचे तीनशे वीस

“महिन्याला गाडी किती फिरणार, काका?” शोरूममधल्या इंगवलेनं विचारलं आणि पेनचं टोपण काढलं.

“बाजार, बँक, दवाखाना,” नानांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. “फार तर शंभर किलोमीटर. पेट्रोलच बरी.”

नानांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या पांढऱ्या गाडीच्या टायरवर त्यांनी काठीनं दोनदा टकटक केलं. एसटीचे ड्रायव्हर गाडी काढण्याआधी करतात, तसं.

“डिझेल,” ते म्हणाले.

कराडला लागून मलकापूर आहे, तिथं हायवेच्या कडेला ते शोरूम होतं. साल दोन हजार बारा, पाडवा सहा दिवसांवर आलेला. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात त्या वर्षी एवढी दरी पडली होती, की ज्याच्या त्याच्या तोंडी डिझेल. पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा भात कालवता कालवता ‘डिझेल घेतली का पेट्रोल?’ असं विचारायचा. पेट्रोलच्या गाड्या शोरूममध्ये धूळ खात उभ्या होत्या आणि डिझेलला चार महिन्यांचं वेटिंग होतं.

नाना म्हणजे माझे वडील. कराडच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचे. रिटायर झाले, आई गेली, मग गुडघे गेले. एसटीच्या तीन पायऱ्या चढवेनात म्हणून बासष्टाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि पहिल्या झटक्यात लायसन काढलं. आता गाडी घ्यायची आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जावयाच्या घरी जायचं, असा त्यांचा बेत होता. फोनवर त्यांनी तो मला सांगितला त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती.

कारण पुण्यात जावयाचं घर असलं, तरी त्यात मी नव्हते.

आठ महिन्यांपूर्वीच मी तिथून निघाले होते. माझं आणि हर्षदचं भांडण असं झालंच नाही, झालं असतं तर बरं होतं. त्यानं एका रविवारी पोहे खाता खाता शांतपणे सांगितलं की त्याला वेगळं राहायचंय, आणि तो खरंच वेगळा झाला. मी सरकारी आयटीआयमध्ये शिकवत होते. विनंती बदली मागितली, जागा लातूरला होती, मी लातूरला गेले. मोबाइल फोनवर माणूस पुण्यात आहे की लातुरात, कोण बघायला येतंय? नाना विचारायचे, “जावईबापू बरे हायत ना?” मी म्हणायचे, “आहेत की.” तेवढं खोटंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाप आहे, सांगून टाकायचं. पण आईच्या तेराव्याला आलेल्या लोकांना नाना हात जोडून म्हणाले होते, “माझी काळजी करू नका. लेक सुखात हाय माझी, तेवढं बास हाय मला.” मी तिथंच, दाराशी उभी होते. त्यांच्याजवळ राहिलेली ती एवढी एकच गोष्ट होती, आणि ती आपल्या हातानं काढून घ्यायची मला छाती होत नव्हती.

म्हणून पेट्रोल. नाना कसे आहेत ते मला पक्कं माहीत होतं. स्टँडवरचा चहा महाग पडतो म्हणून हा माणूस चौतीस वर्षं घरून थर्मास नेत होता. पेट्रोलची गाडी घेऊन ते महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं शक्यच नव्हतं. दवाखान्यात आणि मंडईत ती गाडी फिरली असती आणि माझं खोटं सुखरूप राहिलं असतं. डिझेल घेतली की मात्र ते एका सकाळी न सांगता हर्षदच्या दारात उभे राहणार, हे लिहून ठेवावं इतकं नक्की होतं.

“ताईंचं बरोबर आहे बघा, काका,” इंगवले म्हणाला. पेट्रोलची गाडी खपत असेल तर त्याला हवीच होती. “आमचा साधा हिशेब आहे. महिन्याला हजाराच्या वर किलोमीटर होत असतील तर डिझेल. खाली असतील तर पेट्रोल. डिझेल मुळात लाखभर महाग, तो पैसा वसूल व्हायला गाडी पळायला पाहिजे.”

“आणि डिझेल गाडी नुसती उभी राहिली की इंजेक्टरची दुखणी सुरू होतात,” मी रेटलं. “सर्व्हिसिंगचा खर्च जास्त. आवाज जास्त.”

नाना हसले. इंगवलेकडं वळून म्हणाले, “ही माझी पोरगी आयटीआयत काय शिकवती ठाऊक हाय का? डिझेल मेकॅनिक. लहानपणी डेपोतल्या वर्कशॉपमधनं हिला ओढून आणायला लागायचं. म्हणायची, मला डिझेलचा वास आवडतो. आणि आज बघा.”

इंगवलेनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी उगीच माहितीपत्रक चाळायला लागले. ज्या इंजिनावर माझं पोट चालत होतं त्याचीच निंदा करत मी तिथं बसले होते.

“आपण असं करू,” नाना म्हणाले, “जावईबापूंना विचारू. त्यांना गाड्यांतलं कळतं. लाव गं फोन.”

“मीटिंगमध्ये असतील,” मी म्हटलं.

“शनिवारची?”

“शनिवारीच असते त्यांची.”

“मग लावून तर बघ. उचलला तर उचलला.”

मी मोबाइल काढला. हर्षदचा नंबर मी खोडला होता. मी नुसतीच बटणं दाबली, फोन कानाला लावला आणि काहीच वाजत नसताना मोजून दहा आकडे मनात म्हटले. नाना माझ्या तोंडाकडं बघत होते. कुणी इतकं शांतपणे बघितलं की माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो.

“बंद लागतोय,” मी म्हटलं.

“बंद लागतोय,” नानांनी माझंच वाक्य पुन्हा म्हटलं आणि काठी टेकून उठले. “चला, गाडी चालवून बघू.”

पेट्रोलची एक फेरी आधी झाली, हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं. नानांना ती आवडली नाही. मग डिझेल आली. मी शेजारी बसले, इंगवले मागं. नाना दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून ताठ बसले होते, आरसा बघत होते, दर चौकात हॉर्न देत होते.

“काका, इथून यू-टर्न घ्या,” इंगवले म्हणाला.

नानांनी यू-टर्न घेतला नाही. कोल्हापूर नाक्यावरून त्यांनी गाडी सरळ शहरात घातली.

“नाना, कुठं निघालात?”

“रस्ता बघतोय.”

बाजार ओलांडला, स्टँड मागं पडलं. कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा इंगवले सीटच्या कडेला सरकला. “काका, टेस्ट ड्राइव्ह तीन किलोमीटरचीच असते. साहेब ओरडतील मला.” नानांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ओगलेवाडीच्या पुढं, विट्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली.

“पुण्याचा रस्ता तिकडं आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“मला सांगतीस व्हय पुण्याचा रस्ता?” ते म्हणाले. मग समोर बघतच विचारलं, “शैले, तुला मला काय सांगायचं हाय का?”

“काय सांगायचं असणार?” मी म्हटलं. “पेट्रोल घ्या, एवढंच.”

नानांनी गाडी एका उसाच्या शेताच्या कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसले. समोरून एक लाल एसटी आली. तिच्या पाटीवर पंढरपूर–कराड लिहिलं होतं. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत आरशात बघत राहिले. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ह्याच रस्त्यानं, अशाच एका एसटीनं मी काल लातूरहून आले होते.

माझं येणं-जाणं मी फार विचार करून बसवलं होतं. लातूरची गाडी कराडला सकाळी साडेअकराला यायची. उतरायचं, बायकांच्या विश्रांतीगृहाबाहेरच्या बाकावर बसायचं, पदर डोक्यावरून घ्यायचा. एकच्या सुमाराला स्वारगेटची गाडी लागली की तिच्यातून उतरणाऱ्या लोकांत मिसळायचं आणि रिक्षा करायची. घरी पोचले की नाना विचारायचे, “गर्दी होती का?” मी म्हणायचे, “शिरवळपर्यंत उभी होते.” एसटीवाल्याची पोरगी मी, मला सगळे थांबे तोंडपाठ. शाळेत पाढ्यांआधी नानांनी मला अंतरं शिकवली होती. जेवताना विचारायचे: विटा किती? पुणं किती? चिपळूण? पार पणजी, औरंगाबाद, लातूरपर्यंत यादी जायची आणि एखादा किलोमीटर चुकला तरी भाजी वाढायची थांबायची. त्यांचं स्वतःचं अंतर मात्र कधीच चुकायचं नाही. डेपोत पैजा लागायच्या आणि नाना जिंकायचे.

“चला माघारी,” नाना म्हणाले आणि गाडी वळवली.

शोरूममध्ये इंगवलेचे साहेब दारातच उभे होते. त्यांनी इंगवलेला जे सुनावायचं ते सुनावलं. नाना मध्ये पडले, “माझी चूक हाय, पोराला बोलू नका,” म्हणाले. आम्ही परत टेबलाशी बसलो. बुकिंगचा फॉर्म समोर आला. इंगवलेचा चेहरा पडला होता, त्यालाही आता एकदाचं संपवायचं होतं.

“काका, पेट्रोल असेल तर पाडव्याला गाडी दारात. डिझेलला चार महिने. काय लिहू?”

चार महिने. क्षणभर माझं मन तिकडंही वळलं. डिझेल घेऊ दे, चार महिने तरी मिळतील. पण आठ महिन्यांत जे माझ्या तोंडातून निघालं नव्हतं, ते चार महिन्यांत कुठून निघणार होतं? मी शेवटचा जोर लावला.

“नाना, हे बघा, यांचाच हिशेब धरू. हजाराच्या वर गेलं तर डिझेल. पुण्याच्या दोन फेऱ्या धरल्या, तरी सहाशे चाळीस. गावातले शंभर धरा. सातशे चाळीस झाले. हजार होतच नाहीत. पेट्रोल.”

मला वाटलं, जिंकले. आकड्यापुढं नाना नेहमी मान तुकवायचे.

“पुन्हा लिव्हा,” नाना इंगवलेला म्हणाले. “महिन्यातून दोन फेऱ्या. तीनशे वीस किलोमीटर.”

“तेच की,” इंगवले म्हणाला. “जाऊन-येऊन तीनशे वीस. ताईंनी तेच धरलंय.”

“जाऊन-येऊन न्हाई. एका बाजूचे तीनशे वीस.”

पहिला विचार आला तो असा, की नाना म्हातारे झाले. नानांचं अंतर चुकलं. मला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगते, जरा हायसंही वाटलं. ज्यांचं अंतर चुकतं त्यांना एकट्यानं गाडी घेऊन कोण जाऊ देईल? मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हटलं, “नाना, असं काय करताय? पुणं एकशे साठ.”

“पुणं एकशे साठच हाय,” नाना म्हणाले. “मी पुण्याचं बोलत न्हाई.”

इंगवलेनं पेन खाली ठेवलं. त्याला काही कळलं नसणार, पण तो उठला आणि “पाणी आणतो,” असं म्हणून गेला. तेवढी जाण त्याला होती.

टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. काचेबाहेर ट्रक जात होते.

“कधी कळलं?” मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“दिवाळीत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी.” नाना काठीच्या मुठीकडं बघत बोलत होते. “तू एकच्या गाडीनं येते म्हणालीस. मला करमेना म्हणून स्टँडवर गेलो, केबिनमध्ये माझ्या जागी आलेल्या मुल्लाबरोबर बसलो. अकरा चाळीसला लातूरची गाडी लागली. त्यातनं तू उतरलीस.”

“मग हाक का मारली नाही?”

“उठलोच हुतो हाक मारायला. पण तू डोक्यावरनं पदर घेतलास आणि बाकावर जाऊन बसलीस. मग मी खाली बसलो. दीड तास तू बाकावर, दीड तास मी काचेच्या आत. पुण्याच्या गाडीला त्या दिवशी उशीर हुता. मुल्ला म्हणाला, नाना, पोरगी उपाशी दिसतीया, बोलव की. म्हटलं, नगं. तिला पुण्याहून यायचं हाय, येऊ दे.”

मला आठवलं. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा चहा उकळत होता आणि ताटात गरम भाकरी होती. “गर्दी होती का?” असं त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, “शिरवळपर्यंत उभी होते.”

मला रडू आवरेना. शोरूमच्या त्या चकचकीत टेबलावर कपाळ टेकून मी रडले. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब रंग निवडायचं थांबलं असेल, असू दे.

“लातूर डेपोतल्या एकाला फोन करून विचारलं,” नाना म्हणाले. “आयटीआयतल्या बाई ना, म्हणाला, रोज आमच्या स्टँडवरनंच जात्यात की, एकट्याच असत्यात. बाकीचं मी कुणाला विचारलं न्हाई. ते तूच सांगायचंस. आज तीनदा तुला वाट करून दिली, तू आपलं पेट्रोल सोडंना.”

“तुम्हीच म्हणाला होता, आईच्या तेराव्याला,” मी म्हटलं. “लेक सुखात आहे, तेवढं बास.”

नानांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं सरकवला.

“म्हणालो हुतो,” ते म्हणाले. “त्या बोलण्यासाठी तू माझ्यापासनं दीड तास लपून बसतीस, हे ठाऊक असतं तर जीभ आवरली असती.”

इंगवले पाण्याचे दोन ग्लास घेऊन आला. ते ठेवून त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि खाली मान घालून हिशेब केला. “एका बाजूचे तीनशे वीस, दोन फेऱ्या, बाराशे ऐंशी,” तो पुटपुटला. “मग डिझेल बसते, काका. लिहू ना?”

“हिला विचारा,” नाना म्हणाले. “ह्यातलं तिला कळतं.”

“डिझेल लिहा,” मी म्हटलं.

“चार महिने थांबावं लागेल हं, ताई.”

“थांबतील,” मी म्हटलं, आणि नानांनी सही केली.

त्या रात्री भाकरी थापता थापता मी त्यांना सगळं सांगितलं. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत, हर्षदला शिवीसुद्धा दिली नाही. फक्त एकदा विचारलं, “लातूरला पाणी किती दिवसांनी येतं?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा नाना अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, हातात पिशवी घेऊन दारात उभे होते.

“तुम्ही कुठं?”

“चार महिने कोण थांबतंय?” ते म्हणाले.

स्टँडवर त्या दिवशी मी पहिल्यांदा सरळ लातूरच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. पदर खांद्यावरच होता. मुल्लाकाकांनी केबिनमधून आम्हाला पाहिलं आणि लातूरची गाडी लागल्याचं माइकवर दोनदा सांगितलं. गाडीच्या दाराशी नानांनी काठी माझ्या हातात दिली. पहिल्या पायरीला त्यांनी दांडा धरला, दुसऱ्या पायरीला तोंडातून “आई गं” निघालं, तिसरीला मी मागून हात लावला. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला नाही. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून नाना बसेपर्यंत थांबला.

मग तिकिटाला आला. “कुठं जायचं, आजोबा?”

“लातूर,” नाना म्हणाले. त्यांचा माइकवरचा आवाज होता तो, पार शेवटच्या सीटपर्यंत गेला असेल. “लेकीच्या घरी.”